आडनावाचं बूड

दवाखान्याच्या खिडकीतून पुकारा झाला, “मिस्टर शफलबॉटम!” आणि मी खोकलो.

खोकला आला नव्हता. हसू आलं होतं. पण परक्या गावी, पंधरा-वीस आजारी माणसांच्या देखत, दुसऱ्याच्या आडनावाला फिदीफिदी हसू नये इतपत वय माझं झालेलं आहे. म्हणून घशापर्यंत आलेलं हसू तिथल्या तिथे वळवून मी त्याचा खोकला केला. कानदुखीनं बेजार झालेली नात कान विसरून माझ्याकडे बघायला लागली. बाकी कोणाच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. कोपऱ्यातले एक उंच, काटकुळे आजोबा काठी टेकत उठले आणि आत गेले. आपल्याकडे जोशी उठून आत जातात, तसे.

शफल म्हणजे पत्ते पिसणं, नाहीतर पाय न उचलता घासत चालणं. बॉटम म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. शाळेत इंग्रजीचे जे शब्द कोणी न शिकवता आधी येतात त्यातला तो एक. हे दोन शब्द एकमेकांना जोडून जे चित्र उभं राहतं, ते पाठीशी घेऊन या गृहस्थांनी सत्तर-पंचाहत्तर वर्षं काढली होती. हजेरीला ‘प्रेझेंट सर’ म्हटलं असणार, नोकरीचे अर्ज लिहिले असणार, एखाद्या मुलीला ‘माझं आडनाव लावशील का’ असंही विचारलं असणार. त्या मुलीच्या धैर्याचा विचार करता करता मला दुसरा खोकला आला.

मग आमचा नंबर लागला. खिडकीतल्या बाईंनी नाव जवळून वाचलं, चष्मा वर करून वाचलं आणि धीर करून म्हणाल्या, “मिस... यूकी... डेव्ह?”

हे आम्ही. उकिडवे. ही डेव्ह मंडळी कोण हे घरात कोणी विचारत नाही. मुलगा बारा वर्षं तिकडे आहे, डेव्ह तर डेव्ह. पण नातीचा हात धरून आत जाताना माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. उकिडवं बसणं म्हणजे दोन तळपायांवर तोल सांभाळून, जमिनीला बूड न टेकता बसणं. म्हणजे ज्याचं बूड जमिनीवर घासतं, त्याला ज्याचं बूड जमिनीला लागतच नाही असा माणूस हसला होता. हसायचा हक्क नक्की कोणाला, याचा निकाल लागेपर्यंत नातीच्या कानात औषध घालूनही झालं.

मुलगा मँचेस्टरच्या उत्तरेला, इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे ‘बरी’ म्हणावं अशा गावी राहतो. रेडिओवर त्याला बेरी म्हणतात आणि अस्सल गावकरी म्हणतात बुरी. बरीला बुरी म्हणणाऱ्या माणसांच्या हाती आडनावं दिल्यावर आणखी काय होणार, असं तेव्हा मला वाटलं. पुढे कळलं की माझा हा टोमणाच शास्त्रशुद्ध उत्तर आहे.

कारण शफलबॉटमात शफल नाही, आणि आपण समजतो ते बॉटमही नाही. या बेरीच्याच परिसरात शिपरबॉटम नावाची जागा होती. तिच्या जुन्या नावात मेंढरू आहे, पाणी आहे आणि ‘बोथम’ आहे. बोथम म्हणजे खोऱ्याचा तळ, दोन डोंगरांच्या मधली सपाट ओल. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागत. ती जिथे धुवायला नेत ती दरी म्हणजे शिपरबॉटम. तिथला माणूस बाहेरगावी गेला की त्याला ‘तो शिपरबॉटमचा’ म्हणत. आपल्याकडे दरे गावचा तो दरेकर, हा मेंढदरेकर. हे मेंढदरेकर काही पिढ्या नीट चालत होते. मग मेंढ्या धुणं संपलं, शिपर म्हणजे काय ते लोक विसरले, आणि तोंडाला सोपा, ओळखीचा असा ‘शफल’ त्या जागी येऊन बसला. माणसाला न कळणारा शब्द दिला की तो त्याचा कळणारा शब्द करून टाकतो. मग अर्थ लागो न लागो.

सगळी ‘बॉटम’ मंडळी अशीच दरीतली आहेत. साइडबॉटम म्हणजे रुंद दरी. लाँगबॉटम, लांब दरी. विंटरबॉटम, हिवाळ्यात गुरं ठेवायची दरी. रोबॉटम किंवा रोबोथम, खडबडीत दरी. हिगिनबॉटम हा तर बोल्टनजवळच्या ओकनबॉटमचा, म्हणजे ओक वृक्षांच्या दरीचा. ओकचा हिगिन कसा झाला ते दरीतल्या लोकांनाच ठाऊक. लहान लहान वाड्या, डोंगरातून उतरणारे ओढे, ओढ्याकाठी चार घरं आणि घरांना दरीचं नाव.

यात कुठेही चहाटळपणा नव्हता. बॉटम या शब्दाला माणसाच्या बैठकीचा अर्थ चिकटला तो थेट अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी तो विहिरीचा तळ होता, जहाजाचा तळ होता, विणकराची सूत गुंडाळायची गुंडीही होता. शेक्सपिअरच्या नाटकातल्या विणकराचं नाव बॉटम आहे ते त्या गुंडीवरून. म्हणजे ही आडनावं पाचशे वर्षं अंगणात निर्धास्त बसली होती, आणि भाषेनं मागून येऊन त्यांच्याखालची खुर्ची बदलली.

आता इथे मला थोडी मान खाली घालावी लागते, कारण आपण तरी काय केलं? संस्कृतातला ‘बुध्न’ म्हणजे तळ, पाया. हा बुध्न आणि इंग्रजीचा बॉटम एकाच आदिम शब्दाची लेकरं आहेत, हे भाषाशास्त्रज्ञ छातीवर हात ठेवून सांगतात. आपला झाडाचा बुंधा त्या बुध्नाच्याच घरातला. आणि बूड? भांड्याचं बूड, टोपलीचं बूड म्हणता म्हणता आपणही ते उचलून माणसाच्या मागे लावलंच. सात हजार किलोमीटरच्या अंतरावर, एकमेकांना न विचारता, दोन भाषांनी एकच चावटपणा केला. फरक एवढाच की आपण त्याचं आडनाव केलं नाही. उकिडव्यांनी फक्त कडेकडेनं स्पर्श केला.

घरी येऊन मी हे सगळं सुनेला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, मग रॅम्सबॉटमला जाऊन या ना. आगगाडीनं चार स्टेशनं.”

आगगाडी म्हणजे खरोखरच आग ओकणारी गाडी. बेरीहून रॅम्सबॉटमला जाणारी ही जुनी लाइन सरकारनं बंद करून टाकली होती. हौशी लोकांनी ती उचलली, रूळ घासले, वाफेची इंजिनं आणली आणि १९८७ साली पुन्हा सुरू केली. तिकीट तपासणारे निवृत्त मास्तर, शिट्टी वाजवणारे निवृत्त मास्तर, आणि कोळसा घालणारा एक चेहरा काळा करून घेतलेला तरुण, जो सोमवार ते शुक्रवार बहुधा कुठेतरी संगणकापुढे बसत असावा. गाडी अर्वेल नदीच्या काठाकाठानं जाते. दोन्ही बाजूंना डोंगर चढत जातात, मध्ये जुन्या कापड गिरण्यांच्या विटा आणि एखादं धुराडं. आमची ही म्हणाली, “अहो, हे तर परळ.” डोंगर सोडले तर खरंच परळ होतं. नातंही आहेच. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, तिथला कापूस यायचा थांबला तेव्हा लँकेशरच्या गिरण्यांतली माणसं उपाशी पडली, आणि त्याच वेळी मुंबईत कापसाच्या भावानं पैशाचा पूर येऊन शेअरवाल्यांना वेड लागलं. एका दरीतलं पाणी आटलं की दुसरीकडे पूर येतो, असा तो हिशोब.

स्टेशनवर उतरलो. पाटीवर मोठ्या अक्षरांत रॅम्सबॉटम. हिनं पाटीशेजारी उभं राहून फोटो काढायला साफ नकार दिला. “तुमच्या मित्रांना दाखवायला मी नाही उभी राहणार,” म्हणाली. गावाला स्वतःच्या नावाचं काही वाटत नाही. लाडानं ते गावाला ‘रॅमी’ म्हणतात, तेही पहिल्या अर्ध्याला जोडून. चौकात एक भलामोठा धातूचा रांजण तिरका पडलेला आहे आणि त्यातून पाणी सांडतं. हे शिल्प आहे. हिनं मात्र त्याकडे पाहून, नळ चालू राहिल्यावर करते तो चेहरा केला. वर होलकम टेकडीवर पील साहेबांच्या स्मरणार्थ बांधलेला काळपट मनोरा. रॉबर्ट पील बेरीचे. ब्रिटनचे पंतप्रधान झाले, आणि लंडनच्या पोलिसांना लोक त्यांच्याच नावावरून ‘बॉबी’ म्हणतात.

मी नावाच्या मागावर होतो. रॅम म्हणजे मेंढा, तेव्हा ही मेंढ्याची दरी, असं मी हिला छातीठोकपणे सांगत होतो. नदीकडे उतरणाऱ्या पायवाटेवर झाडांच्या सावलीत ही एकदम थांबली. नाक वर करून म्हणाली, “फोडणीचा वास येतोय.”

मी म्हटलं, कोणाच्या तरी घरातून येत असेल. ही म्हणाली, घर कुठंय? खरंच, घर नव्हतं. खाली बघितलं तर झाडांच्या बुंध्यांशी रुंद हिरव्या पानांचं रान माजलेलं, वर चांदण्यांसारखी पांढरी फुलं. हिनं एक पान तोडून चुरगाळलं आणि माझ्या नाकाला लावलं. लसूण! शंभर टक्के लसूण. रानात, ओढ्याकाठी, कोणी न लावता, दरवर्षी मे महिन्यात फुलणारी रानलसूण. जुन्या इंग्रजीत तिचं नाव ‘ह्राम्सा’. आणि रॅम्सबॉटमचा अर्थ सांगणाऱ्यांत एक पक्ष मेंढ्याचा आहे, तर दुसरा पक्ष याच लसणीचा. पुस्तकवाल्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही. आमच्या घरात ते त्या पायवाटेवर मिटलं. हिनं पिशवी काढली, मूठभर पानं भरली, संध्याकाळी शेंगदाणे आणि हिरवी मिरची घालून खलबत्त्यात ठेचा केला, आणि भाकरीचा तुकडा मोडत जाहीर केलं की मेंढ्याला असला वास येत नाही. तेव्हापासून आम्ही लसूणपक्षीय. दरेकरांच्या धर्तीवर रॅम्सबॉटमना मी आता लसूणदरेकर म्हणतो.

या गावाची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. इथे दर सप्टेंबरात ब्लॅक पुडिंग फेकण्याची जागतिक स्पर्धा भरते. ब्लॅक पुडिंग म्हणजे डुकराच्या रक्ताची काळी जाड वाटोळी. बेरीच्या बाजारात तिचे ठेलेच्या ठेले आहेत. वीस फूट उंचीवर यॉर्कशर पुडिंगं, म्हणजे मैद्याच्या फुगलेल्या वाट्या, रचून ठेवतात आणि खालून लँकेशरची ब्लॅक पुडिंगं मारून यॉर्कशरच्या पाडायच्या. पंधराव्या शतकात याच नावांच्या दोन राजघराण्यांची लढाई झाली, तिचा राहिलेला हिशोब. अशा गावात आडनावाला कोण हसणार? हसायला वेळ कुठे आहे?

बॉटम मंडळींचं वैशिष्ट्य असं की ती हललीच नाहीत. इंग्रजांनी १८८१ साली केलेल्या खानेसुमारीतली सगळीच्या सगळी नावं शंभर वर्षांनी स्वयंसेवकांनी हातानं उतरवून काढली, आणि त्यावरून आडनावांचे नकाशे तयार झाले. त्यात स्मिथ टाकला तर सगळा देश पुरळ उठल्यासारखा दिसतो. बॉटम घराण्यातली आडनावं टाकली, तर लँकेशर, चेशर आणि यॉर्कशरचा पश्चिम कोपरा यांच्या सांध्यावर गडद डाग, आणि बाकीचा देश निरोगी. म्हणजे चारशे-पाचशे वर्षांत ही माणसं आपल्या दरीतून फार तर शेजारच्या दरीत गेली. मेंढ्या होत्या तोवर मेंढ्यांमागे, मग लोकरीमागे, मग सुतामागे. गिरणी दारात आली तेव्हा तर गाव सोडायचं कारणच उरलं नाही.

नकाशे यायच्या आधी हे एका गृहस्थांनी पायानं नाही तरी बोटानं मोजलं होतं. हेन्री गपी हे आरमारातले डॉक्टर. सॉलोमन बेटांवर जाऊन आलेले, प्रवाळ बघणारे, कुठल्या झाडाचं बी समुद्रावर तरंगत कुठल्या बेटाला लागतं याचा पाठपुरावा करणारे. १८९० साली त्यांनी ब्रिटनमधल्या आडनावांच्या मूळ गावांवर पुस्तक लिहिलं. शहरातली माणसं मोजली तर घोळ होतो, म्हणून त्यांनी फक्त शेतकरी मोजले. जिल्ह्याजिल्ह्याच्या छापील याद्या घेऊन एकेक आडनाव. त्यांचं म्हणणं, शेतकरी हा सगळ्यांत कमी हलणारा प्राणी. बी किती दूर जातं हे बघणाऱ्या माणसाला, काय जागचं हलत नाही याचीही ओढ लागावी, हे मला फार आवडलं. आमच्याकडे कोणी गपी आला असता तर उकिडव्यांना मोजताना त्याचे पाय दुखले असते. आम्ही बसतो पण फार वेळ नाही.

स्पेलिंगची गंमत निराळी. १५३८ साली आठव्या हेन्रीचे मंत्री टॉमस क्रॉमवेल यांनी हुकूम काढला की प्रत्येक चर्चनं लग्नं, बारशी आणि अंत्यविधी वहीत लिहावेत. दोन वर्षांनी क्रॉमवेल यांचंच डोकं उडवलं गेलं, पण वही राहिली. आता वहीत लिहिणारा पाद्री शिकलेला, आणि ज्याचं नाव लिहायचं तो निरक्षर. तो दरीतल्या बोलीत आपलं नाव सांगणार, पाद्री त्याला ऐकू येईल तसं लिहिणार. एकाच घरात बापाचं शिपोबोथम, मुलाचं शफलबोथम, नातवाचं शफलबॉटम. पुढे पुढे मात्र ज्यांना बॉटमचा त्रास व्हायला लागला त्यांनी उलटी वाट धरली असावी, असा माझा कयास आहे. शेवटच्या अक्षरांत ‘थ’ घुसवून बॉटमचं बोथम केलं, की तीच दरी एकदम झाकलेली. साइडबॉटमांपैकी काही तर आपलं नाव ‘सिडी-बो-टोम’ असं, फ्रान्सहून आल्यासारखं उच्चारतात. घराला रंग द्यावा तसा उच्चार दिला.

‘बोथम’ लिहिलं तेव्हा मी थबकलो. १९८० चा फेब्रुवारी, वानखेडे. भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचा कसोटी सामना. मामानं मला नेलं होतं. पहिल्या दिवसानंतर लगेच विश्रांतीचा दिवस, कारण सोळा तारखेला खग्रास सूर्यग्रहण. मुंबईत ते खंडग्रास होतं, पण मुंबईकर खिडक्या लावून घरात बसले होते. मग परत खेळ सुरू झाला आणि एका दांडगट माणसानं आमची वाताहत केली. पहिल्या डावात सहा बळी, मग इंग्लंड ५८ वर ५ असं कोसळलेलं असताना ११४ धावा, मग दुसऱ्या डावात सात बळी. आपला कर्णधार विश्वनाथनं, पंचांनी बाद दिलेल्या बॉब टेलरला चूक आहे म्हणून सज्जनपणे परत बोलावलं, आणि त्या टेलरनं या दांडगटाच्या जोडीनं १७१ धावा काढून सज्जनपणाचं व्याज वसूल केलं. सामना दहा गडी राखून गेला. इयान बोथम. मामा परतताना चर्चगेटपर्यंत एकच वाक्य म्हणत होता, “नावात बोथट, पण धार बघ लेकाची!” तो बोथट नव्हता, बॉटमच्याच कुळातला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं असतं तर दु:ख निम्मं झालं असतं. जन्मगावसुद्धा चेशरमधलं, डागाच्या कडेलाच.

क्रिकेटनं या कुळावर फार मेहेरबानी केलेली आहे. २००७ च्या दौऱ्यात आपल्याला लांब केसांचा डावखुरा रायन साइडबॉटम लागला. त्याचे वडील आर्नी एक कसोटी खेळलेले आणि त्याआधी मँचेस्टर युनायटेडकडून फुटबॉलही. इंग्लंडच्या फुटबॉल संघाचा पहिला व्यवस्थापक कोण? वॉल्टर विंटरबॉटम, १९४६ पासून सोळा वर्षं. जन्म ओल्डम, म्हणजे पुन्हा त्याच डोंगराखाली. पुढे ते सर झाले. सर वॉल्टर विंटरबॉटम. हिवाळी बैठकीला सरकारनं दिलेला तो एकमेव किताब असावा.

पण मला सगळ्यांत आवडलेला रोबोथम. सॅम्युएल रोबोथम, जन्म १८१६, स्टॉकपोर्टचा. याचं आडनाव म्हणजे खडबडीत, उंचसखल दरी; आणि यानं आयुष्यभर एकच गोष्ट पटवली, की पृथ्वी सपाट आहे. १८३८ साली केंब्रिजकडच्या दलदलीतल्या एका सहा मैल सरळ कालव्यात हा पाण्यात उतरला, पाण्यापासून वीतभर उंचीवर दुर्बीण धरली, आणि दूर जाणारी निशाणाची होडी शेवटपर्यंत दिसली म्हणून जग गोल नाही असं जाहीर केलं. हवेच्या थरांतून येताना प्रकाश वाकतो, ही गोष्ट त्यानं कानावर येऊ दिली नाही. पुढे पुस्तक काढलं, गावोगाव व्याख्यानं दिली, तीही पॅरलॅक्स असं टोपणनाव घेऊन. इतका सपाटपणा बघून असं वाटतं की आडनावाचा राग माणूस कुठे काढेल सांगता येत नाही.

याच्या उलट विल्यम शफलबॉटम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतला बफेलो बिल आपले घोडे आणि काऊबॉय घेऊन इंग्लंडात येऊन गेला, आणि इंग्लंडातल्या जत्रांत सगळीकडे काऊबॉय उगवले. विल्यमनंही भल्या थोरल्या टोपीखाली डोकं घातलं, पिस्तुलं घेतली, फळीला टेकून उभ्या केलेल्या बाईच्या भोवती सुऱ्या फेकायला सुरुवात केली. आता अशा माणसानं निदान नाव तरी बदलावं? त्यानं नाव बदललं. विल्यमचं टेक्सास बिल केलं. आणि पुढे शफलबॉटम तसंच ठेवलं. टेक्सास बिल शफलबॉटम! पुढच्या पिढ्यांनीही तोच खेळ चालवला. घराण्यातली एक मुलगी साप खेळवायची. त्यांच्या जाहिराती आणि फोटो आता शेफिल्ड विद्यापीठात जपून ठेवलेले आहेत. डोळे बांधून सुरी फेकणाऱ्याच्या आडनावाला समोर उभं राहून कोण हसेल? मला वाटतं त्या आडनावाला इतका सुरक्षित धंदा दुसरा सापडला नसता.

दुर्मिळ आडनावाचं एक बरं असतं, सगळे बहुधा एकाच माणसाचे वंशज निघतात. लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली बापाकडून मुलाकडे जाणारं गुणसूत्र तपासलं. स्मिथ आडनावाच्या पुरुषांत काही मेळ लागेना. लोहार गावोगाव होते. पण ॲटनबरोसारखं दुर्मिळ आडनाव घेतलं तर बहुतेकांचं गुणसूत्र एकसारखं, म्हणजे मूळपुरुष एक. गांधी सिनेमावाल्यांचं आडनाव ते हेच. एका गावचा एक माणूस, आणि पुढे रांग.

एकाच्या जोरावर चालणारी रांग तुटतेही लवकर. व्हिक्टोरियाच्या काळात थोर घराण्यांची आडनावं नाहीशी होतायत याचा घोर फ्रान्सिस गाल्टन यांना लागला. त्यांनी १८७३ साली हे गणित जाहीर कोडं म्हणून घातलं, आणि वॉटसन नावाच्या गणिती पाद्र्यांनी ते सोडवलं. उत्तर आलं की प्रत्येक आडनाव कधी ना कधी बुडणारच. पाद्रीबुवांचं थोडं चुकलं होतं. मुलगे पुरेसे होत राहिले तर काही आडनावं तगतात. पण त्यांचं गणित वाया गेलं नाही. अणू फुटून साखळी चालू राहील की विझेल, हे काढायला पुढे तेच कामाला आलं. आपल्या मराठीत आधीपासून वंश बुडतो म्हणतात. त्यात बूड आहे, हे मला या वयात, दुसऱ्या कोणाच्या दवाखान्यात बसून लक्षात आलं.

दहा दिवसांनी कान दाखवायला पुन्हा गेलो. तेच आजोबा, तीच खुर्ची. शेजारची जागा रिकामी होती. नातीनं परिचय करून दिला. तिला एव्हाना सगळं माहीत होतं, आणि हॅरी पॉटरमधल्या नेव्हिल लाँगबॉटममुळे ती त्यांच्याकडे अर्ध्या देवासारखी बघत होती. मी म्हटलं, तुमच्या मेंढ्यांच्या दरीबद्दल मला कळलं. आजोबांचा चेहरा असा उजळला की मला मागच्या खोकल्याची लाज वाटली. “बहुतेक लोक एवढ्या खोलात जात नाहीत,” ते म्हणाले. मग सभ्यपणे विचारलं, “आणि डेव्ह म्हणजे काय हो?”

मी उकिडवं सांगायचा प्रयत्न केला. स्क्वॅट म्हणावं तर ते व्यायामातलं, क्राउच म्हणावं तर ते लपण्यातलं. चुलीपुढे, अंगणात तांदूळ निवडताना, एस.टी.ची वाट बघताना बसतात ते, असं सांगून इंग्रजी माणसाला काय कळणार? नात म्हणाली, “आजोबा, करून दाखवा ना.”

लहानपणी तासन् तास बसायचो. म्हटलं, बघाच. उठलो, पावलं जोडली आणि खाली गेलो. खाली जाणं उत्तम झालं. तिथे मी चार-पाच सेकंद, जमिनीपासून वीतभर वर, पूर्वजांचं नाव राखून होतो. मग उजवा गुडघा काहीतरी बोलला, डाव्यानं त्याला दुजोरा दिला, आणि उकिडवे घराण्याचं बूड दवाखान्याच्या थंडगार फरशीला टेकलं. वर येणं काही जमेना. हाताशी आधार नव्हता. खुर्ची दोन हात लांब होती. शेवटी दोन्ही तळवे फरशीवर रोवले आणि मागे मागे, इंच इंच, तिच्या दिशेनं सरकायला लागलो.

खिडकीतून पुकारा झाला, “मिस्टर शफलबॉटम!”

दवाखान्यातल्या झाडून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि या वेळी खोकले ते आजोबा.